कोऱ्या चहाने रंगवलेला तुकडा

आईच्या वर्षश्राद्धाला माझी धाकटी बहीण नागपूरहून येणार होती. ती यायच्या आत मला आईच्या खोलीतल्या जमिनीला पडलेलं भोक बुजवून घ्यायचं होतं. आईच्या आजारपणात तिला येता आलं नव्हतं; दिवसांना ती आली तेव्हा मी भोकावर सतरंजी टाकली होती. पण सतरंजी वर्षभर पुरत नाही. कुणीतरी झटकायला घेतंच. भोक दिसलं की ती विचारणार, आणि मी एकदा सांगायला लागलो की शेवटापर्यंत सांगावं लागणार.

नेरूळचं हे घर आम्ही घेतलं तेव्हा आधीच्या मालकाने एका खोलीत सागवानी फळ्यांची जमीन केलेली होती. बाकी घरात साध्या लाद्या. त्या एका खोलीत शिरल्यावर आपण कुणीतरी आहोत असं त्याला वाटत असावं. फळ्या रिपांवर बसवलेल्या, खाली पोकळी, त्यामुळे चमचा पडला तरी घरभर ऐकू जाई. आईला ती खोली आवडली, कारण लादीवर तिचे पाय गार पडायचे.

पक्षाघाताने तिची वाचा गेली. मग ती पलंगावर बसून काठीने जमिनीवर ठोकायची. दोनदा ठोकलं की पाणी, तीनदा म्हणजे नुसतं ये. काठीचं रबर झिजून गेलं. नवं आणतो म्हणत मी ते आणलं नाही, आणि उघड्या पडलेल्या लोखंडी नळीने ती एकच जागा आठ महिने कुरतडली. शेवटी फळीला पेल्याच्या तोंडाएवढं आरपार भोक पडलं.

सुतार खाडीकडच्या गावातला, पन्नाशीचा. त्याला खोली दाखवून मी चहा ठेवायला गेलो. फळी कुठवर पक्की आहे ते बघायला त्याने हातोडीच्या दांड्याने ठोकलं. तीनदा.

मी गॅस बारीक केला आणि म्हणालो, "आलो गं, आलो."

मग मी ओट्याशी तसाच उभा राहिलो. आतलं ठोकणं थांबलं होतं. चहा नेऊन दिला तेव्हा त्याने माझ्याकडे न बघता कप घेतला. अर्धा कप संपल्यावर म्हणाला, "काका, ह्यो पानी लागून कुजलेला नाय. कोनी ठोकत व्हता का?"

"आई."

"तुमाला बोलवाला?"

मी मान डोलावली.

"मंग तुमी जायाचे ना?"

"जायचो," मी म्हणालो.

हे खरंच आहे. एक दुपार सोडून.

त्या रविवारी आमच्या सोसायटीत नव्या लिफ्टचं उद्घाटन झालं होतं. अध्यक्षांनी फेटा बांधून फीत कापली आणि टाळ्यांच्या गजरात ते सातव्या मजल्यापर्यंत जाऊन परत आले. असा विषय मी सोडत नाही. ग्रुपवर टाकायला चार खोचक ओळी लिहीत होतो आणि एका विशेषणाशी अडलो होतो. आईने तीनदा ठोकलं. मी आलो म्हणालो. पुन्हा तीनदा. पुन्हा आलो म्हणालो. मग एकदाच ठोकलं. एकदाच ठोकण्याचा काही अर्थ आमच्यात ठरलेला नव्हता. तेवढ्यात विशेषण सुचलं. ते घातलं, मजकूर पाठवला आणि मग उठलो.

काठी खाली पडली होती. मी आईला हलवत होतो आणि खिशात फोन थरथरत होता. लोक हसरे चेहरे पाठवत होते.

बहिणीला मी फोनवर सांगितलं, आई झोपेत गेली.

सुताराने भोकाभोवतीचा चौकोन पटाशीने कापून काढला. बाहेरचं लाकूड आणलं तर डाग दिसतो, म्हणाला. तुकडा त्याच जमिनीतला हवा. त्याने कपाट सरकवून त्याच्याखालची फळी कापली आणि तिथे साधं प्लायवूड बसवलं. कपाटाखालचं लाकूड ऊन न पाहिलेलं, त्याचा रंग वेगळा होता. तेव्हा त्याने मला कडक कोरा चहा करायला सांगितला आणि फडक्याने तो तुकड्यावर तीन-चारदा चोळला. मग तुकडा भोकाच्या जागी बसवून फटीत सरसात कालवलेला भुसा भरला. माणूस कामाचा पक्का होता. जाताना त्याने फक्त एवढंच सांगितलं, उद्यापर्यंत तिथे पाय देऊ नका.

बहीण आली. श्राद्ध झालं, गुरुजी जेवून गेले. दुपारी आम्ही दोघं आईच्या पलंगावर बसलो होतो. मग तिने विचारलं, "दादा, बोलता येत नव्हतं, तर काही हवं असलं की आई सांगायची कशी रे?"

भोक असतं तर मी त्याकडे बोट दाखवलं असतं, असं मला वाटतं. खात्री नाही.

"मी जवळच असायचो," मी म्हणालो.

तिचे डोळे भरून आले. "किती केलंस रे तिचं," ती म्हणाली आणि माझ्या हातावर हात ठेवला. मी खाली बघत राहिलो. तुकडा नेमका कुठे बसवलाय, ते मलाच सापडेना.