साडूभाऊंची तीन दरपत्रकं

एखादी वस्तू हवी असेल तर माणसाने दुकानात जावं, पैसे द्यावेत आणि ती घेऊन घरी यावं, ही साधी गोष्ट आमच्या साडूभाऊंना आजतागायत कोणी पटवून देऊ शकलेलं नाही. एका सरकारी कार्यालयाच्या भांडार शाखेत त्यांनी उभी नोकरी काढली. खुर्च्या, कपाटं, सतरंज्या, टाचण्या, सगळी खरेदी त्यांच्या हातून झाली आणि एका टाचणीवरही कधी आक्षेप आला नाही, हे ते अजून सांगतात. निवृत्त होताना खात्याने त्यांना सोडलं, पण ते खातं येरवड्याच्या घरी घेऊन आले. साधी छत्री घ्यायची तरी तीन दुकानांची लेखी दरपत्रकं, मग तुलनात्मक तक्ता, मग टिप्पणी, मग मंजुरी. मंजुरीही तेच देतात, पण टिप्पणी लिहिल्यावर मध्ये एक दिवस जाऊ देतात, म्हणजे साहेबांनी फाइल नीट वाचली असं वाटतं. एका वर्षी छत्री मंजूर झाली तेव्हा घरोघरी स्वेटर बाहेर निघाले होते. लग्नाच्या वेळीसुद्धा त्यांनी मोजून तीन स्थळं पाहिली होती, त्यातलं तिसरं म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. ताईंना याबद्दल विचारलं तर त्या भाजी निवडता निवडता म्हणतात, “बाकी दोघींची पाकिटं वेळेत पोचली नसतील.”

अशा माणसाने घरच्या घरी व्हिडिओ एडिटिंग करण्यासाठी एकेक भाग निवडून संगणक जुळवायचं मनावर घेतलं. त्याला कारण आमच्या सासूबाई. वस्तीतल्या बुद्धविहारात त्या कित्येक वर्षं गायल्या. जयंती असो, पौर्णिमा असो, पुढे सासूबाईंचा आवाज आणि मागे ढोलकीवर सासरे. त्या काळी साडूभाऊंकडे कॅमेरा होता आणि थोरले जावई म्हणून शूटिंगचा मान त्यांचा. चाळीस कॅसेटी त्यांनी भरल्या. कॅमेरा बंद करायला ते हमखास विसरत, त्यामुळे त्यात मांडवाचं छत आहे, लोकांच्या चपला आहेत आणि एका वर्षीचं अर्धं भाषण त्यांच्या पिशवीच्या आतून ऐकू येतं. सासरे जाऊन आता बरीच वर्षं झाली. सासूबाईंचा एक कान गेलेला, दुसरा उतरणीला लागलेला. एक दिवस त्या म्हणाल्या, “जावईबापू, माझं गाणं मला नको. यांची ढोलकी तेवढी एकदा ऐकवा.”

साडूभाऊंनी सगळ्या कॅसेटी एका स्टुडिओवाल्याकडून हार्ड डिस्कवर उतरवून घेतल्या. स्टुडिओ निवडण्यात एक उन्हाळा गेला. मी म्हटलं, “आता आहे तसं लावून दाखवा ना आईंना.” त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “इतक्या तासांत ढोलकी मिळून अर्धा तास असेल. तेवढीच काढून नीट जोडायची. कच्चा मसुदा वरिष्ठांपुढे ठेवायचा नसतो.”

मग त्यांनी घरी खरेदी समिती नेमली. अध्यक्ष ते, सदस्य ताई आणि तांत्रिक सदस्य मी. मी शाळेत मराठी शिकवतो आणि माझा संगणकाशी संबंध प्रश्नपत्रिका टाइप करण्यापुरता आहे, पण समितीत बाहेरचा माणूस लागतोच आणि मी वारज्याला राहत असल्याने पुरेसा बाहेरचा होतो. रविवार आला की दोन बस बदलून मी बैठकीला जायचो. साडूभाऊ आठवडाभर इंटरनेटवर संगणक जुळवणाऱ्या पोरांचे व्हिडिओ पाहून टिपणं काढत. एक पोरगा सांगे, प्रोसेसर दमदार हवा, दुसरा सांगे, सगळा पैसा ग्राफिक्स कार्डात घाला, तिसरा दोघांनाही वेड्यात काढी. साडूभाऊ तिघांची मतं तक्त्यात शेजारी शेजारी मांडत आणि शेवटच्या रकान्यात लिहीत, “एकवाक्यता नाही.” रॅम किती असावी यावर समितीच्या चार बैठका झाल्या. ताईंनी चारही बैठकांत पोहे केले आणि पाचव्या बैठकीला करणार नाही असं सांगितलं, तेव्हा कुठे रॅमचा निर्णय लागला.

नारायण पेठेतल्या एका दुकानदाराकडे आम्ही दरपत्रक मागायला गेलो तो प्रसंग मला कायम आठवेल. साडूभाऊंनी पुढे केलेलं तीन पानी मागणीपत्र त्याने शांतपणे वाचलं आणि विचारलं, “काका, एडिट काय करायचंय?” जुन्या कॅसेटींचं शूटिंग आहे म्हटल्यावर तो म्हणाला, “मग याच्या निम्म्यात काम होईल. एवढ्यात तुम्ही सिनेमा काढाल.” साडूभाऊ बाहेर आल्यावर माझ्या कानाशी लागले, “बघितलंत? विनिर्देश, म्हणजे मालाची प्रतच खाली आणायला बघतोय.” त्यांनी पुन्हा आत जाऊन बंद पाकिटात दर द्यायला सांगितले. दुकानदार म्हणाला, “लाख लावू का पाकिटाला? नाही, समोर मिळते म्हणून विचारलं.” साडूभाऊंनी त्यावर खरंच थोडा विचार केला.

पाकिटं येरवड्याच्या बैठकीच्या खोलीत दोन पंचांसमक्ष कात्रीने उघडली गेली, तक्ता झाला, टिप्पणी झाली, मध्ये एक दिवस गेला आणि मंजुरी घेऊन आम्ही दुकानात पोचलो, तर तो प्रोसेसर येणं बंद झालेलं. त्याच्या जागी नवा आलेला. मंजुरी जुन्याची, म्हणून नव्याने दरपत्रकं. दुसऱ्या फेरीत प्रोसेसर टिकला पण ग्राफिक्स कार्ड बदललं. तिसऱ्या फेरीत दोन्ही होते, मात्र त्या कार्डाला पुरेल असा पॉवर सप्लाय तक्त्यात घ्यायचाच राहिला होता. अशी दीड वर्षं गेली. सासूबाई अधूनमधून विचारत, “झाली का हो तयारी?” साडूभाऊ म्हणत, “फाइल पुढे गेलीय, आई.” हे त्यांना जितकं मोठ्याने सांगावं लागे, तितका मला त्यांचा राग येई. आता तो राग आठवला की स्वतःचीच लाज वाटते.

कारण एका सकाळी सासूबाईंना तपासून घेऊन ते आणि ताई परत आले. डॉक्टर म्हणाले होते, दुसरा कानही आता फार दिवस साथ देणार नाही, यंत्राचाही उपयोग होणार नाही. साडूभाऊंनी चहा घेतला नाही. मला फोन करून त्यांनी नारायण पेठेत बोलावलं. मी पोचलो तर ते काउंटरपाशी उभे, हातात फाइल नाही, कागद नाही. दुकानदाराला म्हणाले, “आज जे मिळेल ते द्या.” दुकानदाराने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “काका, बरं वाटतंय ना?” त्याने विचारलं, आणि त्यात टोमणा नव्हता.

तीन दरपत्रकांशिवाय घेतलेल्या वस्तूचं जे व्हायचं तेच झालं. ग्राफिक्स कार्ड कॅबिनेटपेक्षा दोन बोटं लांब निघालं. एरवी साडूभाऊंनी ते परत नेलं असतं आणि पुढचं वर्ष पत्रव्यवहारात काढलं असतं. त्यांनी कॅबिनेटचं झाकण काढून बाजूला ठेवलं, कार्ड तसंच बाहेर डोकावू दिलं आणि शेजारी टेबलफॅन लावला. आठ दिवस ते तिथून हलले नाहीत. छत गेलं, चपला गेल्या, पिशवी गेली.

नवव्या दिवशी आम्ही सगळे जमलो. आवाज शेवटच्या टोकापर्यंत वाढवला होता, खालच्या मजल्यावरचे लोक विचारायला येऊन आमच्यातच बसले. पडद्यावर सासरे मान खाली घालून वाजवत होते. सासूबाई कान पुढे करून ऐकत राहिल्या. मग त्यांची बोटं खुर्चीच्या हातावर पडू लागली. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, “यांचा ठेका नेहमी पुढेच पळायचा. किती सांगितलं मी.” आणि पदराने डोळे पुसले. त्यानंतर जवळजवळ दोन महिने त्यांनी रोज दुपारी ते लावायला सांगितलं.

आता त्यांना काही ऐकू येत नाही. आम्ही पाटीवर लिहून बोलतो. चित्र मात्र त्या अजून पाहतात, बोटं खुर्चीच्या हातावर पडतात आणि बरोबर त्या ठेक्यावरच पडतात. साडूभाऊ सुधारलेले नाहीत, सध्या मिक्सरची दुसरी फेरी चालू आहे. परवा टेबलफॅनचं वॉरंटी कार्ड शोधायला त्यांनी मला संगणकाची फाइल काढायला सांगितली. शेवटच्या पानावर, संगणक घेतला त्या दिवशीच्या तारखेखाली, त्यांच्या ठाशीव अक्षरात टिप्पणी होती : “तीन दरपत्रकांची अट शिथिल करण्यात येत आहे. कारण, आईंना अजून ऐकू येते.”