राजगिऱ्याचा चटका

राजगिऱ्याचे लाडू पाक गरम असतानाच वळावे लागतात. गार झाला तर लाडू फुटतात आणि गरम असला तर तळहात भाजतात. यंदाच्या एकादशीला मी ठरवलं, हे शेवटचे. पुढच्या वेळी दुकानातून आणा.

नात शेजारी बसून स्पॅनिश शिकत होती. म्हणाली, "आज्जी, मेक्सिकोतले जुने लोक राजगिऱ्याच्या पिठाचे देव करायचे, पूजा करून खायचे. स्पेनच्या लोकांनी येऊन ते बंद पाडलं. तरी तिथे अजून पाकातल्या राजगिऱ्याच्या वड्या करतात. नाव सांगू? अलेग्रिया. म्हणजे आनंद!"

"खाणाऱ्याने ठेवलं असेल," मी म्हटलं. "करणारीला कोण विचारतंय?"

ती हसली. मी हाताला पाणी लावलं. तिथलं राज्य बुडालं, देव मोडले, तरी कुठल्याशा बाईने गरम पाकात हात घातलाच. तीही थकली असेल. तीही म्हणाली असेल, हे शेवटचे.

कढईत अजून चार लाडवांपुरतं उरलं होतं. "पुस्तक ठेव. हात ओले कर," मी नातीला म्हटलं.

तिने मुठीत घेतलं आणि ओरडली, "आई गं!"

"हाच तो आनंद," मी म्हटलं. "वळ लवकर, पाक गार होतोय."