बिनमिरचीचा महिना

परदेशात स्वयंसेवक म्हणून जायचं ठरलं तेव्हा मी सत्तेचाळीस वर्षांची होते. धुळ्याच्या आसपास बरीच वर्षं हातपंप दुरुस्त केले होते. तेच काम आफ्रिकेतल्या खेड्यांत बायकांना शिकवायचं होतं. प्रशिक्षणासाठी संस्थेने आम्हा चौघींना जळगावात असोदा रस्त्यावर घर घेऊन दिलं. जाणार तिघी, हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

शेवटच्या महिन्यात नियम आला: तिकडे मिळेल तेच घरात शिजवायचं. मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा आणि उकडलेला पाला. मिरची, लसूण, फोडणी बंद. मला त्याचं काही वाटलं नाही. पोट भरल्याशी कारण.

माझ्या खोलीत सोनगीरची एक होती, माझ्याहून बारा वर्षांनी लहान. चौथ्या दिवशी तिने ताट पुढे सारलं आणि रडायला लागली. "अक्का, हाई मना गयाखाले उतरत नई. मी घर चालनी." खरंच बॅग भरायला घेतली. मी असोद्याच्या भाजीवालीकडून पावशेर मिरच्या आणल्या, तव्यावर भाजून ठेचा केला आणि बरणी चहाच्या डब्यामागे ठेवली. ती राहिली. पुढे चौघीही खायला लागलो. एक जण म्हणायची, "अक्का, तू तिकडे पंप बसवायला चालली का मिरच्या लावायला?" आणि वर चमचाभर जास्त घ्यायची.

शेवटी संस्थेच्या मॅडमनी एकेकीला बोलावून विचारलं, तिकडे कोणाचं निभणार नाही? मी म्हणाले, सगळ्यांचं निभेल.

यादीत माझं नाव नव्हतं.

"तुम्हाला मिरचीशिवाय जेवण जात नाही म्हणे," मॅडम म्हणाल्या. "चहाच्या डब्यामागे बरणी असते. तुमच्या खोलीतल्या बाईंनीच सांगितलं." मी खुलासा केला नाही. बरणी मीच ठेवली होती.

निघायच्या दिवशी ती दारात येऊन उभी राहिली. "अक्का, राग नको धरू. मी परत गई असती ते गाव हसतं." मी चादरीची घडी घालत राहिले. मग तीच म्हणाली, "थोडा ठेचा बांधी देशी का?"

"तुला कशाला? तो तर मलाच लागतो ना."

बरणी धुऊन पालथी घातलीच होती.

पिवळ्या तापाची लस घ्यायला आम्ही दोघी एकत्र मुंबईला गेलो होतो. सुईची तिला भीती, म्हणून माझा हात धरून बसली होती. ती लस जन्मभर चालते म्हणतात. माझं कार्ड कपाटात आहे.