वीतभर अंतर

पूर आला आणि आमच्या लष्करी डिटॅचमेंटला थेट माझ्याच जिल्ह्यात पाठवलं, दरेकशाकडच्या एका गावात. मी हवालदार, गाव कामठा. माझा जोडीदार नाईक बिसेन, गाव नागरा. सारी नोकरी बर्फात आणि वाळवंटात गेली, आणि आता ड्युटी घराशेजारी. बिसेन म्हणाला, "साहेब, एक चक्कर मारून येऊ का? मायच्या हातची भाकर खाऊन येतो." मी म्हटलं, पाणी उतरू दे. पुरात कसली सुट्टी!

आमच्याकडे मेडिकल केबिन होती. केबिन म्हणजे चाकांवरची खोलीच, आत बेड, ऑक्सिजन आणि जनरेटर. असा ट्रेलर गाडीपासून सोडला की पुढच्या लोखंडी स्टँडवर उभा राहतो. ओढताना तो स्टँड वर घ्यायचा. खाली जमिनीपर्यंत निदान वीतभर अंतर हवं. बिसेन दर वेळी वाकून हाताची वीत लावून बघायचा. मी टेप दिला तर म्हणायचा, "टेप हरवते साहेब, हात नाही हरवत. अन् कामठ्यावाल्यांची वीत लहान राहते, तुम्ही मोजू नका."

त्या दिवशी सकाळी गावातल्या शांताबाई पटलेंना मण्यार चावली. श्वास बंद पडत चालला. आमच्या डॉक्टर, कॅप्टन मॅडम, यांनी केबिनमध्येच त्यांना श्वासाच्या मशीनवर घेतलं. मशीन बंद म्हणजे बाई गेली, इतकं सरळ होतं. दुपारी शाळेच्या मैदानात पाणी शिरलं. केबिन पेशंटसकट नाल्यापलीकडच्या उंचावर न्यायची होती. आमचा ट्रक म्हाताऱ्यांना घेऊन पलीकडे गेलेला आणि तिकडेच बंद पडलेला. मग शांताबाईंच्या नवऱ्याचा, धनराजचा, ट्रॅक्टर जोडला.

ट्रॅक्टरचा हूक आमच्या ट्रकपेक्षा बराच खाली. केबिनचं नाक झुकलं. बिसेननं हुकाची पट्टी उलटी करून बसवली, नाक जरा वर आलं. वाकून बघितलं आणि तोंड वाकडं केलं.

"चार बोटं आहे फक्त."

"स्टँडच काढून टाक."

"पिन गंजली आहे, वेळ लागते."

मॅडम आतून ओरडल्या, "मूव्ह करा! पाणी जनरेटरपर्यंत येतंय!"

निघालो. नाल्यावरचा रपटा, म्हणजे बिनकठड्याचा बुटका पूल, पाण्याखाली गुडघाभर. मधोमध ट्रॅक्टरचं मागचं चाक खड्ड्यात उतरलं, नाक खाली गेलं आणि स्टँडचा पाय फुटलेल्या काँक्रीटमध्ये रुतला. पुढे ओढावं तर हूक तुटणार, मागे घ्यावं तर केबिन नाल्यात.

"कंट्रोल, अल्फा. रपट्यावर अडकलो. ओव्हर."

"अल्फा, पेशंट?"

"मशीन चालू आहे. पाणी वाढतंय. ओव्हर."

बिसेन कमरेला दोर बांधून खाली उतरला. दोराचं टोक माझ्याकडे. त्यानं केबिनची पुढची पेटी उघडली तर आत धानाची चार पोती! त्याच वजनानं नाक दबलं होतं.

"हे कोणं ठेवलं?"

धनराज रडायलाच आला. "मीच ठेवलो जी. पुढं वजन असलं की ट्रॅक्टरचे टायर सरकत नाही. आमची ट्रॉली आम्ही अशीच भरतो. बायको आत आहे माही, म्हून ठेवलो."

माझ्या तोंडात शिवी आली होती. बिसेन फक्त म्हणाला, "बरं, आता फेक."

पोती पाण्यात गेली. तरी पाय सुटेना. मग धनराज काठावरच्या माणसांना ओरडला, "काऊन पाहून राहिले? मागं लटका रे सारे!" धानाची ट्रॉली फसली की इथे हेच करतात. दहा-बारा जण पाण्यातून धावत आले आणि केबिनच्या मागच्या बंपरवर चढले. नाक उचललं गेलं. बिसेननं डोकं पाण्यात घालून पिनेवर हातोडा मारला. एकदा, दोनदा. पिन निघाली, स्टँड वर सरकला. त्यानं खाली हात घालून वीत लावली. अशा वेळीसुद्धा! मग माझ्याकडे बघून हसला.

"वीतभर आहे. चलो!"

ट्रॅक्टर हलला. तेवढ्यात नाल्याच्या वरच्या अंगानं सागाचा ओंडका वाहत आला. मी ओरडलो, पण पाण्याच्या आवाजात माझं मलाच ऐकू आलं नाही. ओंडका बिसेनच्या डोक्याला लागला. दोर मी सोडला नाही. त्याला ओढून घेतलं, पण जीव उरला नव्हता. पलीकडे मॅडमनी तपासलं आणि नुसती मान हलवली. आत मशीन चालू होतं.

नागऱ्याला त्याच्या आईकडे मीच गेलो. त्यांनी एकच विचारलं, "जेवला होता का?" मी हो म्हणालो. खोटं बोललो. आजही त्याच्या आईसमोर जेवायला बसलो की घास उतरत नाही.

शांताबाई वाचल्या. मी रिटायर झालो. यंदा त्या बाजूला गेलो तर रपट्याच्या तोंडाशी धनराजचा ट्रॅक्टर उभा, मागे धानानं भरलेली ट्रॉली. पाणी टिपूसभर नव्हतं. तो खाली वाकून ट्रॉलीच्या स्टँडखाली हात घालत होता. शांताबाई ट्रॅक्टरवर बसून शांतपणे वाट बघत होत्या.

मी विचारलं, "काऊन थांबला रे? नाला तर कोरडा आहे."

तो उठला नाही. तसाच म्हणाला, "बिसेन साहेबाले दाखवून राहिलो जी. वीतभर आहे म्हणतो."