तोंड झाकून रामराम

लोटनभाऊला देवाने आधी तोंड दिलं आणि उरलेल्या मालात बाकीचा लोटनभाऊ बसवला, असं पारोळ्यात म्हणत. पोट शेतीवर, पण जीव सगळा सोयरिकी जुळवण्यात. अमळनेरपर्यंत कुणाची पोरगी उपवर झाली, कुणाचा पोरगा नोकरीला लागला, हे त्या घरच्यांच्या आधी याला ठाऊक. शहाऐंशी साली त्याने राजदूत फटफटी घेतली आणि मग काय, माणूस घरात दिसेना!

पारावर, विहिरीवर, टपरीवर जो दिसेल त्याला हात उचलून "रामराम!" घातल्याशिवाय त्याची गाडी पुढे जात नसे. सोयरीक जुळवणाऱ्याने रामराम चुकवला तर त्याच्या शब्दाला कोण विचारतो? म्हणून हेल्मेटही वाटीसारखं, नुसता माथा झाकणारं. तोंड उघडं, आवाज मोकळा.

त्याच्या बायकोला, प्रमिलाबाईला, ती वाटी मुळीच पसंत नव्हती. "त्यात पीठ मळा," ती म्हणायची. एक हात हवेत, लक्ष पारावर आणि गाडी रस्त्यावर! तिचा जीव सदा टांगणीला. शेवटी तिने जळगावहून अख्खं हेल्मेट आणलं, हनुवटीपर्यंत सगळं तोंड झाकणारं, पुढे काळसर काच. "हे घालाल तरच किल्ली मिळेल."

किल्लीसाठी लोटनभाऊने ते घातलं आणि पहिल्याच दिवशी घात झाला. अमळनेर रस्त्यावरच्या एका गावात रुपचंद आबा पारावर बसलेले. आबांच्या नातीची सोयरीक लोटनभाऊच जुळवत होता, गोष्ट साखरपुड्यापर्यंत आलेली. रस्त्यावर खडी पसरलेली, हात सोडता येईना, म्हणून त्याने आतूनच जोरात रामराम घातला. तो हेल्मेटातच घुमला. आबांना दिसलं ते एवढंच, की लोटनची राजदूत ओळख न देता निघून गेली. संध्याकाळी निरोप आला, "ज्याले आमना रामराम जड व्हस, त्याना हातनी सोयरीक आमले नको."

लोटनभाऊ हादरला. पोरीचं ठरत आलेलं लग्न एका डबड्यापायी मोडणार! सकाळी बायको शेतात गेलेली पाहून त्याने वाटी चढवली आणि आबांची समजूत काढायला निघाला. वाटेत कुत्रं आडवं आलं. गाडी इकडे, लोटनभाऊ तिकडे आणि हनुवटी मैलाच्या दगडावर.

मोडलेला जबडा जुळावा म्हणून धुळ्याच्या डॉक्टरांनी त्याचे वरचे-खालचे दात तारेने बांधून टाकले. मग वाटी हातात घेऊन म्हणाले, "हिने माथा वाचवला, खोटं कशाला बोलू? पण माणूस काय दरवेळी माथ्यावरच पडतो? अख्खं असतं, पट्टा बांधून घट्ट बसवलेलं, तर बराचसा मार त्यानेच खाल्ला असता." प्रमिलाबाईने नवऱ्याकडे नुसतं बघितलं. जन्मात पहिल्यांदाच लोटनभाऊला उत्तर देता आलं नाही.

एके दुपारी रुपचंद आबा दवाखान्यात आले. त्याचं सुजलेलं तोंड पाहून म्हातारा ढसाढसा रडला. "मना रामरामपायी तुनं थोबाड फुटनं रे भाऊ!" लोटनभाऊने घाईघाईने हात जोडले आणि मग बोटात अंगठी घालायची खूण केली. साखरपुड्याचं काय? आबा रडता रडता हसले. "व्हई रे, व्हई!"

लग्न दणक्यात झालं. जुळवणारा तेवढा मांडवात मुका, आणि पंगतीत त्याच्या वाट्याला पातळ वरण.

तार निघाली तसा लोटनभाऊ पुन्हा राजदूतवर बसला, अख्खं हेल्मेट घालून, पट्टा आवळून. पण आबांचं गाव जवळ आलं तसा त्याने वेग कमी केला. परत रामराम चुकला तर? गाडी वळणावर आली तर पारावरची सगळी मंडळी उठून उभी! पुढे रुपचंद आबा. ज्याला गावाने आधी वाकायचं, त्या म्हाताऱ्याने स्वतःहून हात उंच केला आणि ओरडला, "रामराम, लोटनभाऊ! तुनं तोंड झाकेल शे, आते आम्हीच पहिले करसूत!"

लोटनभाऊचे डोळे असे भरून आले की पुढचा रस्ता दिसेना. त्याने गाडी थांबवली, उतरून आबांचे पाय धरले. पण काच वर करायला काही केल्या तयार होईना.