श्रद्धेचे दहा गुण

गणिताच्या बाई रोज वर्गात शिरण्याआधी दाराबाहेर क्षणभर थांबून कानोसा घेत. आत आपल्याविषयी काही चाललंय का, हे कळल्याशिवाय त्यांचं पाऊल पुढे पडत नसे. एकोणीस वर्षांत कुणी काही बोलताना एकदाही ऐकू आलं नव्हतं, आणि त्यामुळे संशय उलट बळावलाच होता.

चर्चच्या त्या शाळेत त्या वर्षी शिक्षकांच्या मूल्यमापनात नवा रकाना आला. श्रद्धा, दहा गुण. सहाच्या खाली गेलं की नोकरी संपली. घरी आई अंथरुणाला खिळलेली, मिळवतं माणूस दुसरं नाही. बाई दर रविवारी चर्चला जात, पण चारचौघांत प्रार्थना म्हणायची वेळ आली की त्यांची वाचाच बसे.

गुण कोण देणार, हे कुणी सांगेना. मग बाईंना जो तो हेर दिसू लागला. संगीताच्या बाई आपल्याच वर्गाच्या मागच्या बाकावर पेटी पुसत का बसल्या? शिपाईमामा खिडकीखाली दोनदा का झाडतात?

"मामा, काय लिहून देता हो माझ्याबद्दल?"

"लिहिता आलं असतं, बाई, तर हातात झाडू असता का?"

बाईंना तेही पटलं नाही.

वर्षअखेरीस मुख्याध्यापिका सिस्टरनी बोलावलं. श्रद्धेत दहापैकी दहा!

"आम्ही मुलांनाच विचारलं," सिस्टर म्हणाल्या. "सगळ्यांनी एकच लिहिलंय. बाई प्रत्येक वहीवर डोळे मिटून, ओठ हलवत प्रार्थना करतात."

बाईंना वाटलं, हा सापळाच. गप्प बसावं तर उद्या उघडं पडणार, बोलावं तर आजच गच्छंती.

"ती प्रार्थना नाही, सिस्टर. मी गुणांची बेरीज करते."

"डोळे मिटून?"

"उघडे ठेवले तर हातचा विसरते."

सिस्टर हसल्या की खोकल्या, बाईंना कळलं नाही. दहा खोडून त्यांनी सात लिहिले. का, ते सांगितलं नाही.

नोकरी टिकली. पण त्या सातामागे काय डाव असेल, या विचाराने पुढची अकरा वर्षं बाईंना स्वस्थ बसू दिलं नाही. निवृत्तीच्या दिवशी वर्गाचं शेवटचं गुणपत्रक त्यांनी सिस्टरच्या हातात दिलं. दारापर्यंत गेल्या आणि वळल्या.

"बेरीज एकदा ताडून बघा हं. माझी चुकत नाही, पण तुम्ही बघा."