नातीच्या खाऊचं माप

शिंपीकाकांनी चाळीस वर्षं कपडे शिवले. नजर अधू झाल्यावर दुकान बंद करून ते घरी बसले. सून कामावर जायची, त्यामुळे शाळेतून येणाऱ्या नातवंडांचं चारचं खाणं त्यांच्या गळ्यात पडलं. तोवर त्यांनी कधी चहासुद्धा केला नव्हता.

सफरचंदाच्या फोडी, कच्चं गाजर आणि भाजलेले शेंगदाणे एवढं त्यांना जमण्यासारखं होतं. नातू सगळं फस्त करायचा. नातीची बशी मात्र तीन दिवस जशीच्या तशी परत आली.

"बाबा, नाटकं आहेत तिची," सून म्हणाली. "बिस्किटं देऊन मोकळे व्हा."

गिऱ्हाईक कपडा परत आणतं तेव्हा चूक मापात असते, असं काकांचं मत होतं.

चौथ्या दिवशी त्यांनी नातीला खिडकीपाशी उजेडात उभं केलं. "आ कर."

बऱ्याच वेळाने तिने तोंड उघडलं. वरचे पुढचे दोन्ही दात हलत होते.

"कुणाला सांगू नका आजोबा. दादा दोरा बांधून ओढेल."

काकांनी आधी दोऱ्याची रिळं उचलून कपाटावर ठेवली. मग गाजर मऊ उकडलं, सफरचंद किसून दह्यात कालवलं आणि वर शेंगदाण्याचं कूट घातलं. नातीने बशी चाटूनपुसून साफ केली.

नातू कुरकुरला, "मला का नाही असं?"

"तुझे दात जागच्या जागी आहेत," काका म्हणाले. "तू चाव."